देयधम आणि वेफर्सचे पाकीट

थीम पार्क म्हणजे एखादी कल्पना मध्यवर्ती धरून माणसाने मुद्दाम उभारलेले, भोवती कुंपण घातलेले आणि तिकीट लावून चालवले जाणारे करमणुकीचे उद्यान होय. १९८९ साली मुंबईजवळ गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाल्यापासून महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला या उद्यानांची आणि उद्यानांना मध्यमवर्गाची सवय होत गेली. आणि पाळण्यासाठी लागलेली रांग, त्या रांगेत मध्येच शिरणारे कुटुंब व त्या कुटुंबाकडे रागाने पाहणारी, परंतु मनातून तशाच संधीच्या शोधात असलेली इतर कुटुंबे हे दृश्य सर्वपरिचित झाले. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना असे उद्यान मुद्दाम उभारण्याची गरज पडली नाही, कारण सह्याद्री, पाऊस आणि सातवाहन राजे यांनी मिळून ते काम आधीच उरकून ठेवले होते. येथे वर जाणारा धबधबा आहे, कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत, सात दरवाजांचा गड आहे, लेण्यात बसलेला गणपती आहे आणि ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले ते गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. २०१८ साली जुन्नर हा राज्यातील पहिला पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला तेव्हा या सर्वांवर सरकारी शिक्कामोर्तब झाले, एवढेच.

प्रस्तुत लेखाचा विषय ही स्थळे नसून त्या स्थळी येणाऱ्यांची वागणूक हा आहे. कुळाची रीत तो कुलाचार आणि लोकांची रीत तो लोकाचार, या चालीवर या वागणुकीला ‘पर्यटकाचार’ म्हणता येईल. कुलाचार घरी पाळतात, लोकाचार गावात पाळतात. पर्यटकाचाराचे वैशिष्ट्य असे की घर आणि गाव दोन्ही मागे पडल्यावर, साधारणतः चाकणची वाहतूक कोंडी पार होताच, त्याचा अंमल आपोआप सुरू होतो.

या आचाराची मीमांसा करण्यापूर्वी त्याचा इतिहास पाहणे इष्ट ठरते, कारण जुन्नरला येणारा पाहुणा ही काही आजची घटना नाही. कोकणातील बंदरांवरून देशावर येणारा व्यापारी माल ज्या वाटेने चढे त्या नाणेघाटाच्या माथ्याशी दगडात कोरलेला एक भलामोठा रांजण आहे आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकली जात असे, असे परंपरा सांगते. म्हणजे या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याने प्रथम काहीतरी द्यावे ही अपेक्षा सुमारे दोन हजार वर्षांची आहे. जुन्नर परिसरातील लेण्यांत यवनांचेही लेख आहेत. यवन म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक किंवा एकूणच पश्चिमेकडून आलेला परदेशी माणूस. त्यांपैकी इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिल्याची आणि चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिल्याची नोंद कातळावर कोरलेली आढळते. या दानाला लेखांमध्ये ‘देयधम’ असा शब्द येतो. देयधम म्हणजे धर्मबुद्धीने दिलेली वस्तू. पुढे १६७३ साली जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य मोगल अधिकाऱ्याने उपचारासाठी बोलावल्यावरून जुन्नरला आला, त्याने परवानगी मिळाल्यावर शिवनेरी पाहिला आणि परत गेल्यावर पाहिलेले लिहून ठेवले. टाके देणे, मंडप देणे, निदान प्रवासवर्णन देणे, असा हा उतरता परंतु अद्याप सभ्य क्रम होता.

आधुनिक पाहुण्याने या परंपरेतील देण्याचा भाग वगळून नाव कोरण्याचा भाग तेवढा निष्ठेने पुढे चालवला आहे. इरिलाने आधी टाकी दिली आणि मग नाव कोरले. आजचा पाहुणा नाव कोरतो आणि मग टाक्यात बाटली देतो. आधुनिक भित्तिलेखांची रचना पाहता त्यांत एक पुरुषनाम, एक स्त्रीनाम, दोहोंच्या मध्ये बाणाने विद्ध झालेले हृदय आणि खाली सन एवढीच सामग्री असते. गोत्र, गाव, व्यवसाय आणि देयधम या चारही बाबी अध्याहृत ठेवलेल्या असतात. लिपी देवनागरी किंवा रोमन, साधन किल्ली किंवा कोळसा, आणि काळ बहुधा महाविद्यालयीन, असे त्यांचे सर्वसाधारण वर्गीकरण करता येते. त्यांत नमूद केलेला संबंध पुढे टिकला किंवा कसे, हे मात्र लेखावरून कळत नाही. काही लेखांत एकाच पुरुषनामाबरोबर निरनिराळ्या भिंतींवर निरनिराळी स्त्रीनामे येतात, त्यावरून तो पुरुष निरनिराळा असावा असे मानणे सौजन्याचे ठरेल.

या संदर्भात नाणेघाटाच्या लेण्याचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. तेथील भिंतींवर नागनिका या सातवाहन राणीशी जोडला जाणारा प्रदीर्घ ब्राह्मी लेख असून त्यात केलेले यज्ञ आणि दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापणे, म्हणजे त्या काळची नाणी, यांचा आकड्यांसह हिशेब आहे. त्याच लेण्यात सातवाहन राजकुटुंबाच्या पूर्णाकृती प्रतिमा ओळीने कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नाव होते. आजच्या परिभाषेत तो कौटुंबिक ग्रूप फोटो होता. काळाच्या ओघात त्या प्रतिमा नष्ट झाल्या, तळाशी पावलांच्या खुणा राहिल्या आणि वर नावे तेवढी वाचता येतात. राजघराण्याला केवळ नावापुरते उरायला दोन हजार वर्षे लागली. आधुनिक पाहुणा मधले सर्व टप्पे टाळून पहिल्याच भेटीत केवळ नावापुरता उरतो.

संरक्षित स्मारकाची अशी खराबी करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, अशी तरतूद १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने आहे, आणि तशा मजकुराचा फलक अनेक स्मारकांपाशी लावलेला असतो. फलक आणि आचार यांचा संबंध मात्र वाटतो तितका सरळ नाही. ‘येथे कचरा टाकू नये’ ही पाटी आणि तिच्या पायथ्याशी साचलेला कचरा यांपैकी आधी कोण जन्मले, हा प्रश्न तर्कशास्त्रातील बीजांकुर न्यायाचा, म्हणजे बी आधी की कोंब आधी या वादाचा, उत्तम नमुना आहे. कचरा होता म्हणून पाटी लागली असे प्रशासन मानते. परंतु पाहुण्याच्या दृष्टीने एवढ्या मोठ्या डोंगरात कचऱ्याचा उल्लेख केवळ याच ठिकाणी असल्यामुळे कचऱ्याची अधिकृत जागा हीच असावी, असा निष्कर्ष निघतो. पहिले पाकीट पडले की दुसरे गतानुगतिक न्यायाने, म्हणजे पुढचा गेला म्हणून मागचा जातो या नियमाने, त्याच्याजवळ जाऊन बसते, आणि तिसऱ्याला तर न पडल्यास वाळीत टाकल्यासारखे वाटते.

धर्मशास्त्राचे अभ्यासक असे सांगतात की ग्रंथात एखाद्या कृत्याचा निषेध आढळला तर ते कृत्य त्या काळी प्रचलित होते असे खुशाल समजावे. या कसोटीवर पुणे जिल्हा प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये काढलेला मनाई आदेश वाचनीय ठरतो. जूनच्या अखेरीस लोणावळ्याच्या भुशी धरण परिसरात एका कुटुंबातील माणसे वाहून गेल्यानंतर जुन्नर आणि आंबेगाव यांसह जिल्ह्यातील अनेक तालुक्यांना तो लागू झाला. ज्या दुर्घटनेमुळे तो निघाला ती हसण्याचा विषय नाही. परंतु खोल पाण्यात उतरणे, धबधब्याच्या प्रवाहाखाली बसणे, धोक्याच्या कड्यावर सेल्फी काढणे, मद्यपान, कचरा फेकणे आणि मोठ्या आवाजात गाणी लावणे ही त्यातील निषेधांची यादी पाहिली असता तिला पर्यटकाचाराची स्मृती म्हणता येईल, आणि तीही अशी की जिच्यातील प्रत्येक कलमाचे पालन उलट्या क्रमाने का होईना, पण एकाच रविवारी होत असे.

शिवनेरीवर या आचाराला ऐतिहासिक पार्श्वभूमी लाभते. गडाच्या सात दरवाजांपैकी एकाचे नावच परवानगीचा दरवाजा असे आहे, आणि त्यातून जाताना बहुसंख्य पाहुणे केवळ एकाच गोष्टीची परवानगी विचारतात, ती म्हणजे ‘दादा, जरा बाजूला होता का, फोटो काढायचाय.’ गडावरील गंगा-जमुना ही टाकी कातळातील पाण्यासाठी प्रसिद्ध आहेत; ज्या बारमाही पाण्याच्या भरवशावर गड लढवता येत असे, त्या पाण्याकडे पाहत पाहुणा पायथ्याशी विकत घेतलेले बाटलीतील पाणी पितो आणि रिकाम्या बाटलीचे काय करावे या विचाराने व्याकूळ होतो, असे म्हणावयास हरकत नव्हती, जर तो व्याकूळ होत असता. गडाच्या टोकाला कडेलोटाची जागा आहे. कडेलोट म्हणजे अपराध्याला कड्यावरून ढकलून देण्याची शिक्षा. पूर्वी त्या टोकापर्यंत माणसाला बांधून न्यावे लागे. आता तेथून त्याला मागे आणण्यासाठी सोबतच्यांना ओरडावे लागते, आणि तो ‘एकच, एकच’ असे म्हणत मागे मागे सरकत असतो.

गडाच्या कातळांना आग्या मोहोळे लागतात. आग्या मोहोळ म्हणजे उघड्या कड्याला लटकणारे, मोठ्या व रागीट मधमाश्यांचे पोळे. धूर, उग्र अत्तर, भिरकावलेला दगड अशा कारणांनी ती उठतात, आणि गेल्या काही वर्षांत येथे पर्यटकांवर मधमाश्यांचे हल्ले एकाहून अधिक वेळा झाले आहेत. मधमाशी डंख मारते तेव्हा पिकलेल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासावरून इतर माश्यांना शत्रूचा पत्ता लागतो, असे कीटकशास्त्र सांगते. संपूर्ण परिसरात उपद्रव देणाऱ्याला जागच्या जागी ओळखण्याची एवढी निर्दोष व्यवस्था अन्य कोणत्याही खात्याकडे नाही. तिच्यात दोष एवढाच की दगड मारणारा पळतो आणि प्रसाद त्याच्या मागून येणाऱ्या आजोबांना मिळतो.

लेण्याद्रीला पर्यटकाचाराला भक्तीची जोड मिळते. अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज येथे एका विहारात, म्हणजे भिक्षूंच्या निवासासाठी कोरलेल्या लेण्यात विराजमान आहे आणि तेथे पोहोचण्यासाठी सुमारे तीनशे पायऱ्या चढाव्या लागतात. चढताना माणूस विनम्र असतो, कारण त्याला दम लागलेला असतो. विनय हा बव्हंशी फुप्फुसांचा गुण आहे, हे येथे सिद्ध होते. वर पोहोचून श्वास परत आला की रांगेचा प्रश्न उद्भवतो. रांग मोडण्याच्या पद्धतींचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात. पहिला ‘आप्तवाक्य’ वर्ग, ज्यात ‘आमची माणसं पुढे आहेत’ एवढ्या आधारावर अकरा जणांचे कुटुंब पुढील एका गृहस्थाला, त्याची ओळख असो वा नसो, जाऊन मिळते. दुसरा ‘जिज्ञासा’ वर्ग, ज्यात ‘फक्त विचारायचंय’ असे म्हणत पुढे गेलेला मनुष्य उत्तर मिळूनही परत येत नाही. तिसरा ‘बालसेतू’ वर्ग असून त्यात लहान मुलाला आधी पुढे सरकवतात व मग ते हरवेल या काळजीने त्याच्या मागे आई, आईच्या मागे आजी आणि आजीच्या मागे पिशव्या जातात. शेजारच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्यात, रांग नसते. तेथे प्रतिध्वनी तपासला जातो. मंद स्वरातील पठणासाठी ज्यांनी ती कमान कोरली त्यांना ‘ए सुम्या, कुठं हाय रं?’ या सूत्राचे पठण अभिप्रेत होते काय, हे सांगणे कठीण आहे.

पायऱ्यांवर माकडांचे राज्य असते आणि ती हातातील पिशवी हिसकावतात म्हणून त्यांना उर्मट ठरवण्याचा प्रघात आहे. तटस्थपणे पाहता, आयते देण्याची सवय आधी माणसाने लावली आणि घेण्याची सवय मग माकडाला लागली. शिवाय माकड रांग मोडते तेव्हा आपली माणसे पुढे असल्याचे सांगत नाही.

आवाजाच्या बाबतीत जुन्नर तालुक्यावर नियतीने विशेष विनोद केला आहे. खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही जगप्रसिद्ध दुर्बीण असून ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या अवकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओ लहरी टिपतात. ती येथे उभारण्याच्या कारणांपैकी एक असे की या भागात मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी होता. हा गोंगाट कानांना ऐकू येणारा नसून विद्युत उपकरणांतून निघणाऱ्या लहरींचा असतो, म्हणूनच तेथे जाणाऱ्याला मोबाइल बंद ठेवण्यास सांगतात. विश्वातील सर्वांत हळू बोलणाऱ्यांचे ऐकण्यासाठी ज्या तालुक्याची निवड झाली, त्याच तालुक्यातून पावसाळ्यातल्या रविवारी गाडीची चारही दारे उघडून, आतील ध्वनिवर्धक माळशेजच्या दरीकडे रोखून, नाचणारे लोक जातात. दुर्बिणीला कानांचा गोंगाट कळत नाही हे विज्ञानाचे भाग्य होय. अन्यथा दर रविवारी सकाळी अकराच्या सुमारास वायव्येला उगवून संध्याकाळी नाशिक रस्त्याने पुण्याकडे मावळणाऱ्या एका प्रचंड ताऱ्याची नोंद करावी लागली असती.

कृषी पर्यटन, म्हणजे शेतकऱ्याच्या घरी राहून शेती पाहण्याचा व्यवसाय, या शाखेत हा आचार अधिक घरगुती रूप घेतो. पाहुणा अस्सल गावरान जेवणाच्या शोधात येतो, मासवडीचा फोटो काढतो आणि मग लहान मुलांसाठी पनीर आहे का असे विचारतो. झेंडूच्या वाफ्यात तो फोटोसाठी उतरतो तेव्हा वाफा कोणाचा तरी आहे ही कल्पना त्याला नसते, कारण निसर्ग सर्वांचा असतो. मात्र त्याच वाफ्याशेजारी लावलेल्या त्याच्या गाडीला शेतकऱ्याच्या बैलाने अंग घासले तर मालकी हक्काची कल्पना त्याच्या मनात पूर्ण तेजाने प्रकट होते. महामार्गावरील हॉटेलात छापील दराने निमूट पैसे देणारा हाच गृहस्थ गडाच्या वाटेवर ताक विकणाऱ्या बाईशी ‘मावशी, गावात पण एवढा भाव?’ असा वाद घालतो. डोक्यावरून घडा वर आणलेली मावशी यावर ‘खाली जाऊन प्या दादा, तिथं स्वस्त मिळंल,’ असे जे शांतपणे सांगते, त्यात वाहतूक खर्चाचे संपूर्ण अर्थशास्त्र सामावलेले आहे.

येथवरच्या विवेचनावरून शहरी माणूस उद्धट आणि ग्रामीण माणूस सुशील असा समज होण्याची शक्यता आहे. तो साफ चुकीचा ठरेल. याच तालुक्यांतील मंडळी सहलीच्या बसने एखाद्या जलक्रीडा उद्यानात जातात तेव्हा तेथील घसरगुंडीवर पाचजण एकमेकांना धरून उतरण्यास मनाई का आहे, हे त्यांना पटवून देताना रखवालदाराच्या शिट्टीतील वाटाणा झिजतो. दोष गावात किंवा शहरात नसून पाहुणेपणात आहे, आणि तोही ज्या पाहुणेपणात यजमान दिसत नाही त्यात. जेथे यजमान दिसतो तेथे तोच समाज वेगळा वागतो. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. चैत्रातील यात्रांच्या सुपाऱ्या देण्या-घेण्यासाठी तेथे फडांच्या राहुट्या लागतात. तमाशाच्या प्रेक्षकांतून आलेल्या आगाऊ शेऱ्याला सोंगाड्या, म्हणजे तमाशातील विनोदी नट, असे काही उत्तर देतो की शेरा मारणारा उरलेली रात्र मागच्या रांगेत मान खाली घालून काढतो. बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे गाडे पळवण्याच्या चढाच्या धावपट्टीवर, ‘भिर्रर्र’ची आरोळी देणारा निवेदक धावपट्टीत घुसलेल्याला त्याच्या शर्टाच्या रंगासह जाहीरपणे बाहेर काढतो. गडाला सोंगाड्या नाही आणि धबधब्याला निवेदक नाही. अडचण आहे ती एवढीच.

यजमान न दिसताही शिस्त राहते अशी एक संस्था मात्र याच मुलखात आहे, ती म्हणजे देवराई. देवाच्या नावाने राखलेल्या जंगलाला देवराई म्हणतात आणि आंबेगावच्या पश्चिम टोकाला आहुपे येथे अशी दाट राई आहे. अनेक देवरायांत पडलेले वाळके लाकूडही घरी न नेण्याची रीत आहे. आहुपेच्या परिसरात हिरडा गोळा करून चार पैसे मिळवणाऱ्या, म्हणजे जंगलातून काही नेण्याची ज्याला खरोखर गरज आहे अशा माणसाने ही रीत पाळली. ज्याला काहीही नेण्याची गरज नाही, केवळ आणलेले परत न्यायचे आहे, त्याला ते जड जाते. भरलेले पाकीट डोंगरावर चढवता येते आणि रिकामे पाकीट उतरवता येत नाही, हा गुरुत्वाकर्षणाच्या नियमाला दिसून आलेला एकमेव अपवाद असावा.

तथापि या तालुक्यांत एक जागा अशी आहे की जेथे न्याय तत्काळ होतो. पावसाळ्यात कोकणाकडून येणारा वारा नाणेघाटाच्या कड्यावर आदळून इतक्या जोराने वर चढतो की दरीत पडणारे पाणी उलटे फिरून माथ्यावर येते; यालाच लोक उलटा धबधबा म्हणतात आणि तो पाहण्यासाठी गर्दी करतात. हा वारा पाणी आणि प्लॅस्टिक यांत भेद करीत नाही. कड्याशी उभा राहून वेफर्सचे रिकामे पाकीट दरीला अर्पण करणाऱ्या पाहुण्याचे ते देयधम क्षणार्धात उलटे येऊन त्याच्याच चेहऱ्याला चिकटते. तो ते काढतो, पुन्हा टाकतो; ते पुन्हा येते. तिसऱ्या खेपेस त्याच्या मनात काहीतरी हलते, तो पाकीट मुठीत धरून कड्यापासून मागे फिरतो, योग्य जागेच्या शोधात इकडे तिकडे पाहतो, आणि घाटाच्या तोंडाशी दोन हजार वर्षे जकातीची वाट पाहत बसलेला दगडी रांजण दिसताच समाधानाने ते त्यात टाकून, कचरा कुंडीतच टाकावा असे सोबतच्या मुलाला समजावत, गाडीकडे चालू लागतो.